रिकामी आहे, हे कुणी पाहिलं?

वाचकांचे प्रश्न : एअरगन आणि सुरक्षितता

एअरगनविषयी आलेल्या पत्रांतली निवडक पत्रं इथे घेतली आहेत. काही रेंजवर सराव करणाऱ्या मुलांच्या घरची आहेत, काही माळ्यावर जुनी छर्ऱ्याची बंदूक सापडलेल्या घरांतली, एक कोकणातल्या बागायतदाराचं. बहुतेक पत्रांत एक वाक्य मात्र सारखं आलंय : "तशी रिकामीच होती." म्हणून पहिलं उत्तर जरा लांबलं आहे.

प्रश्न : मुलगा १४ वर्षांचा आहे. दोन वर्षं १० मीटर एअर रायफल करतोय. सुरुवातीला प्रत्येक गोष्ट विचारून करायचा. आता घरी रायफल उघडतो, बंद करतो, भिंतीकडे धरून ट्रिगर दाबतो, मध्येच फोन बघतो. टोकलं की म्हणतो, "आई, रिकामीच आहे, मला कळतं." त्याला कळतं हे खरंच आहे. मग मी उगाच घाबरतेय का? — एक आई, कोल्हापूर

उत्तर : उगाच नाही. नव्या मुलाला बंदुकीची भीती वाटते आणि पहिले काही महिने ती भीतीच त्याला सांभाळते. दोन वर्षांत त्यानं हजारो वेळा ट्रिगर दाबलेला असतो आणि एकदाही वाईट काही घडलेलं नसतं. भीती निघून जाते, ते चांगलंच आहे, भीतीनं नेम लागत नाही. पण तिच्या जागी तपासायची सवय आली नसेल तर मुलगा पहिल्या महिन्यापेक्षा आता जास्त धोक्यात असतो, कारण हात सफाईदार झालेत. रायफल रिकामी आहे हे तो बघत नाही, तर आठवतो. दिवसाकाठी साठ-सत्तर शॉट मारणाऱ्याला मागचा शॉट आणि त्याच्या मागचा यांत फरक आठवत नाही. कुणालाच आठवत नाही.

यात एक बारीक गोष्ट आहे, ती त्याला रायफल हातात देऊनच दाखवा. मॅच रायफलला, म्हणजे स्पर्धेच्या रायफलला, लिव्हर उघडला की छर्रा ठेवायची खाच दिसते. छर्रा खाचेत ठेवून लिव्हर बंद केला की तो पुढे नळीत ढकलला जातो. आता लिव्हर पुन्हा उघडला तर खाच रिकामी, स्वच्छ दिसते आणि छर्रा नळीत बसलेला असतो. खाचेत डोकावून "रिकामी" म्हणणारा मुलगा खोटं बोलत नाही, त्याला दिसतं तेच सांगतो. मोबाइल वाजला, आईनं हाक मारली, छर्रा भरून लिव्हर उघडून रायफल खाली ठेवली, दहा मिनिटांनी परत उचलली : नेमका इथेच घात होतो.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत एअरगनचा सेफ्टी फ्लॅग नळीच्या पूर्ण लांबीचा असावा लागतो. ब्रीचकडून, म्हणजे छर्रा भरतात त्या मागच्या टोकाकडून, घातलेली ती भडक नारिंगी दोरी नळीच्या तोंडातून बाहेर दिसली पाहिजे. नळीत छर्रा असेल तर दोरी अडते, दुसरं काही तपासावं लागत नाही. नुसता दोन इंचांचा तुकडा ब्रीचमध्ये खोचून ठेवायची पद्धत काही मुलांत पडते. त्यानं लिव्हर उघडा आहे एवढंच कळतं, नळीचं काही कळत नाही.

घरच्या ड्राय सरावाला, म्हणजे छर्रा न घालता करायच्या सरावाला, हा क्रम लावा. छर्ऱ्यांचे सगळे डबे दुसऱ्या खोलीत, ट्रॅकच्या खिशात राहिलेले दोन-चार छर्रेसुद्धा. मग दोरी आरपार घालून काढायची. रायफलला ड्राय-फायरची सोय असेल तर ती लावायची. नेम धरायचा तो अशा भिंतीवर, जिच्यात दार-खिडकी नाही आणि जिच्यामागे कुणी झोपत-बसत नाही. लाकडी पार्टिशन किंवा जिप्समची भिंत नको. सुरू करताना मोठ्यानं "ड्राय सुरू" म्हणायचं आणि संपल्यावर "ड्राय संपला". संपला म्हटल्यावर रायफल सरळ केसमध्ये जाते, त्यानंतर "अजून एकच" नाही. सराव संपला असं मन ठरवतं, हात मात्र अजून सरावातच असतात, आणि त्या एका जादा शॉटच्या आधी कुणी दोरी घालत नाही.

फोनचा नियम सोपा ठेवा : रायफल हातात असताना फोन नाही. घेतलाच, तर रायफल परत उचलताना तपासणी पहिल्यापासून. "मघाशी बघितलं होतं" चालणार नाही.

आणि टोकण्याऐवजी सोबत करा. त्याला म्हणा, "तू दोरी घाल, मी तोंडाशी बघते." मोठ्या रेंजवरही रायफल केसमध्ये ठेवण्याआधी दुसऱ्या माणसानं ती रिकामी असल्याचं बघायचं असतं. याला अविश्वास समजू नये, दोन जण एकाच वेळी गाफील राहण्याची शक्यता कमी, एवढंच.

प्रश्न : रायफलला सेफ्टीचा खटका आहे. तो लावला की बंदूक सुरक्षित ना? — सांगली

उत्तर : नाही. तो खटका बहुतेक बंदुकींत फक्त ट्रिगर अडवतो. आतली जी खाच स्प्रिंगचा जोर धरून ठेवते ती झिजली असेल, किंवा बंदूक फरशीवर आपटली, तर सेफ्टी लावलेली असूनही शॉट सुटू शकतो. खटका लावा जरूर, पण त्याच्या भरवशावर नळीची दिशा बिघडू देऊ नका. भरलेली असो, रिकामी असो, सेफ्टी असो-नसो, नळीचं तोंड माणसाकडे, जनावराकडे, स्वतःच्या पायाकडे जाता कामा नये आणि नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या कड्याबाहेर. बाकी सगळ्या चुकांमधून एवढ्या दोन गोष्टी माणसाला वाचवतात.

प्रश्न : आजोबांची जुनी एअरगन आहे, नळी मोडून भरायची. परवा छर्रा घालताना नळी सटकन वर आली आणि अंगठ्याचं नख गेलं. ट्रिगरला हातही लागला नव्हता. असं का झालं? — नाशिक

उत्तर : नखावर निभावलं. अशा बंदुकीत उघड्या नळीच्या मागच्या कडेत आणि ठोकळ्यात बोट सापडलं तर हाड चिरडतं.

आत काय होतं ते बघा. नळी खाली मोडली की तिला जोडलेला दांडा पिस्टनला मागे ढकलतो आणि पिस्टन मागची जाड स्प्रिंग दाबतो. पिस्टन पूर्ण मागे गेला की एक छोटा पोलादी खटका (हा सेफ्टीचा नव्हे, आतला) त्याच्या खाचेत बसतो, तेव्हा "टक" असा स्पष्ट आवाज येतो. त्यानंतर सगळ्या स्प्रिंगचा जोर त्या खटक्याच्या एक-दोन मिलिमीटर कडेवर पेललेला असतो. ट्रिगर दाबणं म्हणजे तो खटका खाचेतून ओढून काढणं. नळी उघडी असतानाच तो निसटला तर पिस्टन पुढे धावतो, दांडा सोबत ओढला जातो आणि नळी हातात असली-नसली तरी वर उसळते.

निसटण्याची कारणं ठरावीक आहेत. चाळीस-पन्नास वर्षांच्या वापरानं खटक्याची कड गोल झालेली असते. जुनं तेल सुकून चिकट राळ झालेली असते, त्यामुळे खटका खाचेत पूर्ण बसत नाही. ट्रिगर हलका करायला कुणीतरी कानस मारलेली असते. नाहीतर मऊ झालेल्या मूळ स्प्रिंगच्या जागी जास्त ताकदीची बसवलेली असते. शेवटची दोन कारणं घरच्या माणसांनीच निर्माण केलेली असतात, म्हणून आजोबांनंतर बंदूक कुणाकडे होती, तिच्यात काय बदललं, हे आधी विचारा.

आता ती पुन्हा मोडून "बघू या परत होतं का" असं करू नका. तशीच, न ताणलेली, एअरगनचं काम जाणणाऱ्या बंदूक दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि खटका, त्याची पिन, ट्रिगरची स्प्रिंग एकदम बदलायला सांगा. स्वतः उघडू नका. मुख्य स्प्रिंग बंदूक न ताणलेल्या स्थितीतही दाबलेलीच असते. मागचं झाकण धरणारी पिन काढली की झाकण स्प्रिंगसकट चेहऱ्यावर येतं. ती उतरवायला स्प्रिंग दाबून धरणारा शिकंजा लागतो.

दुरुस्तीनंतर भरण्याची रीत अशी ठेवा. नळीचं तोंड मोकळ्या सुरक्षित दिशेला, दस्त्याची टाच मांडीवर घट्ट. डाव्या हातानं नळी तोंडाजवळ धरून एका दमात शेवटपर्यंत खाली, "टक" ऐकू येईपर्यंत. अर्ध्यात सोडायची नाही. आता छर्रा भरून नळी बंद होईपर्यंत डावा हात नळीवरून निघत नाही, जोर लावून ती खालीच धरून ठेवायची. छर्रा उजव्या हातानं, बोटाच्या टोकानं, आणि त्या वेळी उजव्या हाताचं एकही बोट ट्रिगरजवळ नाही. छर्ऱ्याचा बंद, जड भाग पुढे, पोकळ घागरा मागे. घागरा ब्रीचच्या कडेशी सपाट बसला नाही तर नळी बंद करताना चेपतो आणि पुढचा शॉट नळीत अडकतो. मग नळी हलकेच बंद, आपटून नाही. आपटल्यानं खटक्याला धक्का बसतो तो बसतोच, शिवाय बिजागरी सैल होते आणि नेम हलतो.

खालच्या किंवा बाजूच्या लिव्हरनं ताणायच्या बंदुकी असतात, त्यांत नळी स्थिर असते आणि आतली नळकांडी मागे सरकते. तिथे छर्रा घालायला बोट आत जातं आणि लिव्हर सुटला तर बोट कात्रीत सापडल्यासारखं कापलं जातं. तिथेही लिव्हर एका हातानं धरूनच ठेवायचा.

ताणून ठेवलेली बंदूक कपाटात कधीच नको. स्प्रिंग मऊ होते ते एक. मोठी गोष्ट ही, की जो पुढे ती उचलेल त्याला ती ताणलेली आहे हे दिसत नाही. ताणली आणि शॉट मारायचा नसेल तर छर्रा घालून पेटीतल्या सापळ्यात (तो कसा करायचा ते पुढे गच्चीच्या प्रश्नात आहे) मारून मोकळी करा. नळी हातात धरून ट्रिगर दाबत हळूहळू सोडायची युक्ती काही जण शिकवतात, त्यात बोटं गेलेली आहेत. स्प्रिंगची बंदूक छर्ऱ्याशिवायही मारू नका. पुढे हवा दाबायला अडथळा नसतो, पिस्टन धाडकन पुढच्या भिंतीवर आपटतो, वायसर फाटतो आणि स्प्रिंग तुटते.

प्रश्न : आमच्या स्प्रिंगच्या एअरगनमधून धूर येतो आणि आवाज मोठा झालाय. गोळीचा जोर वाढलाय असं मुलांना वाटतं. नळीत खोबरेल घातलं होतं. — परभणी

उत्तर : मुलांना वाटतं ते काही प्रमाणात खरं आहे, आणि वाईट त्यातच आहे. पिस्टन पुढे येताना हवा इतकी झटकन दाबली जाते की प्रचंड तापते. तिथे तेल असेल तर ते पेटतं, जसं डिझेल इंजिनात डिझेल पेटतं. छर्रा कधी नेहमीसारखा सुटतो, कधी दुप्पट जोरात, आणि कोणत्या वेळी काय होईल सांगता येत नाही. पुढच्या वायसरची वाट लागते, स्प्रिंगला उलटा धक्का बसतो. खोबरेल, शिलाई मशीनचं तेल, इंजिन ऑइल, फवाऱ्याचं गंजरोधक यांतलं काहीही हवेच्या वाटेत नको. नळी सुती चिंधीनं कोरडी करा. धूर बंद होईपर्यंत सापळ्यात शॉट मारावे लागतील, तेवढा वेळ सगळ्यांनी चष्मे लावा. सांध्यांना आणि बिजागरीला तेल चालतं, थेंबभर.

प्रश्न : बंगल्याच्या गच्चीवर १० मीटरची जागा मिळते. मागे प्लायवूड लावून कागद चिकटवला तर सराव करता येईल का? — पुणे

उत्तर : प्लायवूड पुरत नाही. मॅच रायफलचा सपाट तोंडाचा छर्रा अर्ध्या ग्रॅमहून थोडा जड असतो आणि सेकंदाला सुमारे १७० ते १७५ मीटर वेगानं निघतो, म्हणजे साधारण ८ ज्यूल ऊर्जा. ताकदवान स्प्रिंगच्या बंदुका २० ज्यूलपर्यंत जातात. आकडे लहान वाटतात. पण डोळा फोडायला सेकंदाला सुमारे ४० मीटरचा वेग पुरतो, आणि मोकळा सुटलेला छर्रा तीनशे मीटरपर्यंत जाऊ शकतो. गच्चीवरून चुकलेला प्रत्येक छर्रा कुणाच्या तरी अंगणात उतरतो.

सापळा असा करा. साधारण ४० सेंटिमीटर लांब-रुंद, १५ ते २० सेंटिमीटर खोल लाकडी पेटी. तिच्या पाठीला आतून ३ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा. पत्र्यापुढे जुने सुती कपडे किंवा वर्तमानपत्रांचे गठ्ठे इतके दाबून भरा, की बोट खुपसलं तरी आत जाणार नाही. समोर पुठ्ठा, त्यावर निशाणाचा कागद. एकाच जागी मारत राहिलं की कपड्यांत बोगदा पडतो आणि छर्रे थेट पत्र्यावर जायला लागतात, तेव्हा आवाज "धप्" वरून "टण्" होतो. तो पहिला "टण्" ऐकला की भरण बदला, सत्र संपेपर्यंत थांबू नका. सैल टांगलेलं रबर वापरू नका, त्यावरून छर्रा परत येतो. कठीण लाकडी फळीवरून सपाट छर्रा उसळतो. पोलादी गोल गोळ्या तर कठीण कशावरूनही जोरात परतात, शिवाय आटे पाडलेली नळी खराब करतात. बाटली, दगड, पाण्याचं टाकं यांवर नेम धरायचाच नाही.

पेटीच्या मागे आणि दोन्ही बाजूंना एक-एक मीटर जास्तीची विटेची भिंत हवी. पेटी नजरेच्या उंचीच्या थोडी खाली, म्हणजे नळी वर उचलली जात नाही. गच्चीचं दार मारणाऱ्याच्या पाठीमागे हवं, पुढे किंवा बाजूला नको. कपडे वाळत घालायला अचानक वर आलेलं माणूस समोर आलं असं होता कामा नये. दाराला आतून कडी लावा. चष्मे पॉलिकार्बोनेटचे, मारणाऱ्यालाही आणि बघणाऱ्यालाही. नंबराचा काचेचा चष्मा हे संरक्षण नाही, काच फुटून तीच डोळ्यात जाते.

शिसं विसरू नका. छर्रे तोंडात धरू नका, मधे वडापाव खाऊ नका, शेवटी साबणानं हात धुवा. सापळ्यातली धूळ कोरड्या झाडूनं उडवू नका, ओल्या फडक्यानं टिपा, आणि पेटी बाळाच्या खोलीत ठेवू नका.

प्रश्न : जत्रेत फुगे फोडायच्या स्टॉलवर मुलांना बंदूक देणं सुरक्षित आहे का? — सोलापूर

उत्तर : स्टॉल बघून ठरवा. फुग्यांच्या फळीमागे नुसता कापडी पडदा आहे आणि पडद्यामागून लोक जातायत, तर पुढे चला. फळी जाड हवी, तिच्यावर गोणपाट किंवा गादीसारखं मऊ काही हवं, आणि दोन्ही बाजू झाकलेल्या हव्यात. स्टॉलवाला भरलेली बंदूक काउंटरवर आडवी ठेवून पैसे मोजत असेल तर मुलाला मागे घ्या. तिचं तोंड रांगेकडे असतं. मुलाला काउंटरच्या मधोमध उभं करा, दस्ता खांद्याला आणि नळी फळीकडे लागल्यावरच बोट आत. शॉट लागला की मुलं आनंदानं वळतात, हातातल्या बंदुकीसकट. तो क्षण तुम्ही सांभाळा, तुमचा हात दस्त्यावर ठेवा.

स्टॉल चालवणाऱ्यांसाठी : बंदुकीला काउंटरशी आखूड साखळी बांधली तर नळी बाजूला वळतच नाही. आणि फळीखालचे चेपलेले छर्रे वेचून पुन्हा वापरू नका, ते नळीत अडकतात किंवा वाकडे जातात.

प्रश्न : जुनी मॅच रायफल घेतोय. तिच्या दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर २०११ चं साल आहे, पण गळत नाही. वापरू का? — ठाणे

उत्तर : नको. मॅच रायफलच्या सिलिंडरला उत्पादक साधारण १० वर्षांचं आयुष्य देतात आणि तारीख त्यावरच कोरलेली असते. स्पर्धेत ती तारीख बघितली जाते आणि जबाबदारी खेळाडूची असते. गळत नाही म्हणजे धातू ठीक आहे असं नाही. भरलेल्या सिलिंडरमधला २०० बार दाब म्हणजे गाडीच्या टायरमधल्या दाबाच्या जवळजवळ शंभर पट. रायफल घ्या, सिलिंडर नवा घ्या.

भरताना संथ भरा, एक-दोन मिनिटं घ्या. घाईनं भरलं की हवा तापते, काटा २०० दाखवतो आणि थंड झाल्यावर तो खाली येतो, मग माणूस पुन्हा वर भरतो. फक्त कोरडी, गाळलेली हवा. पावसाळ्यात हातपंपानं भरलं तर पाणी आत जातं आणि सिलिंडर आतून गंजतो. वेल्डिंगच्या दुकानातला ऑक्सिजन कुणी सुचवला तर ऐकू नका, उच्च दाबाच्या ऑक्सिजनमध्ये किंचित तेल किंवा ग्रीससुद्धा पेट घेतं आणि स्फोट होतो. विदर्भात उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवू नका : २७ अंशांना भरलेले २०० बार ६५ अंशांना २२५ च्या घरात जातात.

आणि एक, जे सरावलेल्यांनाही माहीत नसतं. सिलिंडर काढला म्हणजे रायफल निर्जीव झाली असं नाही. पुढच्या कप्प्यात एक-दोन शॉटची हवा राहते. सिलिंडर काढल्यावर सापळ्याकडे धरून, आवाज येईनासा होईपर्यंत ट्रिगर दाबा.

प्रश्न : आंब्याच्या दिवसांत वानरं फळ ठेवत नाहीत. एअरगनला परवाना लागत नाही असं ऐकलं. घेऊ का? — सिंधुदुर्ग

उत्तर : तुमचा त्रास खरा आहे, एका कळपानं सकाळभरात किती नासधूस होते ते बागायतदारालाच कळतं. पण एअरगन यावर इलाज नाही.

आधी कायदा. ४.५ मिलिमीटर नळीच्या, २० ज्यूलच्या आतल्या एअरगनला परवाना लागत नाही. याहून मोठी नळी किंवा जास्त ताकद असेल तर २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार लागतो. बंदूक घ्यायला परवाना लागत नाही, याचा अर्थ जनावर मारायला परवानगी आहे असा नाही. वानर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, बहुतेक रानपक्षीही. जखमी करणंसुद्धा गुन्हा आहे.

मग काय होतं ते. छर्ऱ्यानं वानर मरत नाही. छर्रा कातडीखाली किंवा पोटात राहतो, जखम चिघळते आणि जनावर दिवसेंदिवस कुढत मरतं. न लागलेला छर्रा वर झाडाच्या शेंड्याकडे मारलेला असतो, त्याला मागे काहीच अडवायला नसतं. तो खालच्या वाडीतल्या खळ्यात उतरतो. "फक्त आवाजासाठी" म्हणून विकत घेतलेली बंदूक पहिल्या आठवड्यात आवाजासाठी, दुसऱ्या आठवड्यात रागानं वापरली जाते. राखण, कुत्रा, जाळी आणि नुकसान झाल्यावर वनविभागाकडे पंचनाम्यासाठी अर्ज, हाच रस्ता.

प्रश्न : भावानं गंमत म्हणून पायावर नेम धरला, रिकामी समजून. छर्रा पोटरीत गेला. भोक एवढंसं आहे, रक्तही थांबलंय. घरीच काढावा का? — लातूर

उत्तर : घरी काढू नका. चिमट्यानं खोदलं की छर्रा आणखी आत जातो आणि शीर किंवा मज्जातंतू दुखावतो. भोक ४.५ मिलिमीटरचंच असतं, आतली वाट कितीही लांब असू शकते. स्वच्छ फडकं दाबून धरा, दवाखान्यात न्या, एक्स-रे काढा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. छर्रा शिशाचा होता की पोलादी हे डॉक्टरांना सांगा, डब्बी सोबत न्या. पोलादी असेल तर एमआरआयच्या आधी त्यांना ते माहीत असलंच पाहिजे.

छाती, पोट, मान, डोकं यांपैकी कुठेही लागला, तर माणूस चालतबोलत असला तरी लगेच १०८ ला फोन करा. फासळ्यांच्या मधून गेलेला छर्रा फुप्फुसापर्यंत किंवा हृदयापर्यंत जाऊ शकतो.

डोळ्याला लागला तर चोळू नका, धुऊ नका, थेंब घालू नका, दाबून पट्टी बांधू नका. कागदी पेल्याचा तळाकडचा भाग कापून घ्या आणि तो डोळ्यावर उपडा ठेवा, त्याच्या कडा कपाळावर आणि गालाच्या हाडावर टेकल्या पाहिजेत, डोळ्यावर नाही. तो चिकटपट्टीनं धरून ठेवा. रुग्णाला खायला-प्यायला देऊ नका, शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. डोकं थोडं उंच ठेवून नेत्रविभाग असलेल्या रुग्णालयात थेट न्या.

भावाला आत्ता ओरडू नका, तो आधीच हादरलेला असेल. जखम भरल्यावर त्याला आणि तुमच्या मित्रांना पहिल्या प्रश्नातली खाच आणि नळी दाखवा.

प्रश्न : शॉटचा आवाज बसका आला आणि कागदावर छेद नाही. अजून एक मारून बघावा का? — अहिल्यानगर

उत्तर : नाही. छर्रा नळीत आहे असंच धरा. दुसरा मारला तर तो पहिल्यावर जाऊन बसतो आणि मग काढणं अवघड होतं.

नळी सापळ्याकडे धरून तीस सेकंद थांबा. स्प्रिंगची बंदूक असेल तर नळी मोडून उघडी ठेवा, पण आता ती ताणलेली आहे, म्हणून डावा हात नळीवर ठेवून दुसऱ्याला काम करू द्या, किंवा सरळ दुरुस्तीवाल्याकडे न्या. हवेच्या रायफलला आधी सिलिंडर काढा, कप्प्यातली हवा सोडा. मग पितळेचा किंवा सरळ लाकडी गज नळीच्या तोंडाकडून घाला आणि हलके ठोके देत छर्रा ब्रीचकडे बाहेर काढा. चेहरा नळीच्या रेषेत आणू नका. लोखंडी सळई नको, ती आटे खरवडते.

छर्रा निघाल्यावर गज पुन्हा एकदा घाला आणि ब्रीचमधून दिसेपर्यंत ढकला. कागदावर छेद नाही म्हणून आधीच कुणीतरी दुसरा मारलेला असतो आणि सांगायला विसरलेला असतो. तेव्हा पहिल्यामागून दुसरा निघतो.